खोल्या होत्या, माणसं नव्हती: भाडेकरू टिकतो कशामुळे?

(हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लेखी मजकूर. ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं त्यांच्यासाठी. बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे, थोडी साफसफाई तेवढी केली आहे.)

आजचा विषय इतिहासाचाच आहे, पण सुरुवात मी माझ्या घरापासून करणार आहे. घर म्हणजे भाड्याचं. ठाण्यात एका बावीस मजली इमारतीत आम्ही राहतो, आणि गेल्या नऊ वर्षांतला हा आमचा चौथा फ्लॅट. दर वेळी तेच. ब्रोकर, डिपॉझिट, पोलिसांचं व्हेरिफिकेशन, टेम्पो, गॅसचा पत्ता बदलणं, आणि मुलीच्या शाळेच्या बसवाल्या काकांना नवा थांबा समजावून सांगणं.

मागच्या महिन्यात सोसायटीची सभा होती. भाडेकरू सोसायटीचा सभासद नसतो, त्यामुळे त्याला मत नाही. पण आमच्या घरमालक काकू पुण्यात असतात. त्या म्हणाल्या, "तू जाऊन मागे बस गं, काय ठरतंय ते मला सांग." म्हणून गेले. विषय क्रमांक चार होता भाडेकरू टिकत नसल्याचा. अकरा महिने झाले की माणसं जातात, फ्लॅट दोन-दोन महिने रिकामे पडतात, सामान चढवता-उतरवताना लिफ्टचे पत्रे चेपतात, आणि कोण कुठल्या मजल्यावर राहतं हे वॉचमनलाही सांगता येत नाही. अर्धा तास चर्चा झाली. मग विषय क्रमांक पाच आला. क्लबहाऊस आणि वरचा हॉल यापुढे फक्त मालकांसाठी ठेवावा. तो पाच मिनिटांत मंजूर होता होता राहिला, वेळ संपली म्हणून पुढच्या सभेवर गेला. चार आणि पाच या दोन विषयांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं त्या खोलीत कोणी म्हणालं नाही. मीही नाही. मला बोलायची परवानगीच नव्हती.

घरी आले तर लेक विचारतेय, "आई, या वर्षी गणपतीच्या नाचात नाव देऊ का, की तोपर्यंत आपण दुसरीकडे गेलेलो असू?"

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि या भागाचा विषय मिळाला. माणूस एखाद्या भाड्याच्या जागेत टिकतो तो कशामुळे? भिंतींमुळे, भाड्यामुळे, की शेजारामुळे? हा प्रश्न आपल्याला नवा वाटतो, पण दीडशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये एका बाईने तो विचारला होता. आणि शंभर वर्षांपूर्वी मुंबई सरकारने तो न विचारल्यामुळे कोट्यवधी रुपये खर्चून बांधलेल्या इमारती ओस पडल्या होत्या. आधी लंडनला जाऊ, मग मुंबईत परत येऊ.

भाडं गोळा करणारी बाई

तिचं नाव ऑक्टेव्हिया हिल. जन्म १८३८ चा. तिचे आजोबा, डॉक्टर साउथवुड स्मिथ, लंडनच्या सार्वजनिक आरोग्याच्या चळवळीतले मोठे नाव. त्यामुळे गरीब वस्त्यांमधली घाण, रोगराई हे शब्द ती लहानपणापासून घरात ऐकत होती. प्रसिद्ध कलासमीक्षक जॉन रस्किन यांच्याकडे ती चित्रांच्या नकला करण्याचं काम करायची. रस्किनचे वडील १८६४ मध्ये वारले आणि त्याच्या हाती बराच पैसा आला. त्याने ऑक्टेव्हियाच्या सांगण्यावरून मॅरिलेबोन भागात पॅरडाइज प्लेस नावाच्या गल्लीतली तीन घरं घेतली. प्रत्येकात सहा खोल्या, किंमत ७५० पौंड. नाव पॅरडाइज, म्हणजे स्वर्ग, आणि अवस्था अशी की जिन्याचे कठडे लोकांनी सरपण म्हणून जाळलेले.

रस्किनची अट एकच होती. हा दानधर्म नको, गुंतवलेल्या पैशावर पाच टक्के परतावा मिळाला पाहिजे. तो मिळाला, तर इतर पैसेवालेही अशा घरांत पैसे घालतील, असा त्याचा हिशेब.

आता ऑक्टेव्हियाने काय केलं ते बघा. तिने सगळी घरं एकदम चकचकीत केली नाहीत. आधी गटारं आणि पाणी. ते झाल्यावर बाकीची डागडुजी हळूहळू. दर आठवड्याला भाडं घ्यायला ती स्वतः दारोदार जायची, पुढे तिने तयार केलेल्या बायका जायच्या. भाडं थकवलेलं तिला चालायचं नाही, त्या बाबतीत ती कडक होती. पण दर आठवड्याला दारात उभं राहिलं की काय होतं? नळ गळतोय हे दिसतं. नवऱ्याचं काम सुटलंय हे कळतं. पोर आजारी आहे हे कळतं. भाड्याची पावती ही ओळखीची सबब झाली.

आणि तिचा खरा शोध पुढे आहे. दुरुस्तीसाठी तिने दरवर्षी घरागणिक एक ठरावीक रक्कम बाजूला काढली. मोडतोड कमी झाली आणि त्यातले पैसे उरले, तर ते कशावर खर्च करायचे हे भाडेकरूंनी ठरवायचं. म्हणजे खिडकी फुटली तर ती मालकाची खिडकी राहिली नाही, आपल्याला हव्या असलेल्या कपाटाचे पैसे त्यात गेले! हंगाम मंद असला, बेकारी असली, की किरकोळ रंगरंगोटीची कामं ती तिथल्याच माणसांना द्यायची. जिने पुसायचं काम थोरल्या मुलींना, पैसे देऊन. १८६६ मध्ये फ्रेशवॉटर प्लेसची घरं हाती आली तेव्हा तिथल्या अंगणाचं तिने मुलांसाठी मैदान केलं. स्वतःच्या घरामागच्या तबेल्याची खोली करून घेतली, भाडेकरूंना एकत्र बसायला.

१८७४ पर्यंत तिच्याकडे अशा १५ वसाहती आणि सुमारे ३,००० भाडेकरू होते. रस्किनला त्याचे पाच टक्के मिळत राहिले.

मी तिला देवी करणार नाही हं. ती मालकिणीच्या खुर्चीतूनच बोलायची. शिस्त तिची, नियम तिचे, ऐकलं नाही तर खोली सोडा. सरकारने घरं बांधावीत याला तिचा विरोध होता, आणि बायकांना मतदानाचा हक्क द्यायलाही. पण एक गोष्ट तिने वहीत आकडे मांडून दाखवली. भाडेकरूच्या हातात काहीतरी द्या, ठरवायचं, सांभाळायचं, त्याचं म्हणून, आणि मालकाचा तोटा होत नाही.

सोळा हजार खोल्यांची गोष्ट

आता मुंबई. १८९६ मध्ये प्लेग आला आणि गिरणगावातल्या दाटीवाटीच्या चाळी सरकारच्या नजरेत आल्या. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने रस्ते काढले, जुन्या चाळी पाडल्या, काही नव्या बांधल्या. पाडलं जास्त, बांधलं कमी. पहिलं महायुद्ध संपेपर्यंत जागेची टंचाई एवढी वाढली की भाडी आवाक्याबाहेर गेली.

तेव्हा गव्हर्नर होते सर जॉर्ज लॉइड. त्यांनी १९२० मध्ये एक नवं खातंच काढलं, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. बीडीडी, बीडीडी म्हणतो ते हे. कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधायच्या, असा संकल्प. पैसा कर्जाने उभा केला आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसवला. वरळी, नायगाव, डिलाईल रोड म्हणजे आताचा ना. म. जोशी मार्ग, आणि शिवडी, अशा चार ठिकाणी इमारती उभ्या राहिल्या. एकूण २०७. तळमजला अधिक तीन मजले. मजल्यावर मध्ये लांब बोळ, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या. म्हणजे इमारतीत ८० खोल्या. खोली १६० चौरस फुटांची. संडास सामायिक.

गणित केलंत तर साधारण साडेसोळा हजार खोल्या होतात. ५०,००० का नाही झाल्या? याचं एक मोठं कारण म्हणजे ज्या बांधल्या त्याच भरेनात!

हे ऐकून मी पहिल्यांदा चक्रावले होते. ज्या शहरात एका खोलीत दहा-बारा माणसं पाळीपाळीने झोपत होती, तिथे सरकारने पक्क्या, नव्या, सिमेंटच्या खोल्या बांधल्या आणि लोक जाईनात. वरळीला तर इमारतीच्या इमारती रिकाम्या पडल्या. इतक्या, की १९३० च्या सविनय कायदेभंगात सत्याग्रहींना ठेवायला तुरुंग अपुरे पडले तेव्हा सरकारने वरळीच्या चाळीच तात्पुरता तुरुंग म्हणून वापरल्या. माणसांसाठी बांधलेल्या खोल्यांमध्ये माणसं आली, पण पहाऱ्यात.

का बरं जात नव्हते लोक? भाडं हे एक कारण. कामगाराच्या पगाराच्या मानाने ते चढं होतं. अंतर हे दुसरं. वरळी तेव्हा एका टोकाला होतं, बाजार लांब, गिरणी लांब. काँक्रीटच्या भिंतींविषयी तक्रारी होत्या.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं कारण. गिरणीतला माणूस नुसती खोली भाड्याने घेत नव्हता. तो कोकणातून, साताऱ्याहून, घाटावरून यायचा तो आधी आलेल्या भावकीच्या किंवा गाववाल्याच्या खोलीवर. गावच्या मंडळाची एक खोली असायची, भाडं सगळ्यांत वाटून. जेवण खानावळीत. त्या खानावळवाल्या मावशीला ठाऊक, याचा पगार कधी होतो. कोपऱ्यावरचा वाणी उधारी द्यायचा, कारण तो याला आणि याच्या मेहुण्याला ओळखायचा. गिरणीत काम मिळायचं ते मुकादमाच्या ओळखीने, आणि मुकादमही त्याच वस्तीत राहायचा. पुन्हा गिरणीतली नोकरी रोजच्या रोज मिळेलच असं नाही. संप झाला, आजारपण आलं, तर महिना ढकलायचा कसा? उधारीवर, ओळखीवर, शेजाऱ्यावर.

आता अशा माणसाला तुम्ही म्हणालात की बाबा, वरळीला चल, छान सिमेंटची खोली आहे. तो मनात काय हिशेब करणार? तिथे वाणी मला ओळखत नाही. खानावळ नाही. मुकादम नाही. गाववाला नाही. खोली मिळेल, पण बाकी सगळं हातचं जाईल. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या कामगारांवर जे लिहिलंय त्यात वस्तीतली ही देवाणघेवाण फार नीट उलगडून दाखवली आहे. शेजार ही हौस नव्हती, तो अडीअडचणीचा विमा होता. सरकारने खोल्या बांधल्या, पण हा विमा काही सिमेंटमध्ये कालवता येत नाही.

त्याच शहरात, गावदेवीला

गंमत म्हणजे याच्या थोडं आधी, त्याच मुंबईत, अगदी उलटा प्रयोग झाला होता. कारवार-मंगळूर पट्ट्यातून आलेल्या चित्रापूर सारस्वत समाजातले कारकून, शिक्षक, नोकरदार हेही भाड्याने राहणारेच होते. त्यांच्यातले रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी. त्यांनी १९०६ मध्ये एक सहकारी पतसंस्था काढली होती, तीच पुढे शामराव विठ्ठल बँक झाली. आणि १९१५ मध्ये गावदेवीला त्यांनी सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी केली. आपल्या देशातल्या सहकारी गृहनिर्माणाची सुरुवात म्हणून तिच्याकडे पाहिलं जातं.

तिची रचना लक्षात घ्या. इमारती संस्थेच्या मालकीच्या. राहणारा संस्थेत भाग घ्यायचा, म्हणजे शेअर, आणि संस्थेला भाडं द्यायचा. म्हणजे तो एकाच वेळी भाडेकरूही आणि मालकीत वाटेकरीही. ही कल्पना इंग्लंडमधल्या भाडेकरूंच्या सहकारी संस्थांवरून आली होती. ऑक्टेव्हिया हिलने भाडेकरूला दुरुस्तीचे उरलेले पैसे खर्च करायचा अधिकार दिला होता. इथे तालमकींनी त्याला सगळ्या कारभारातच बसवलं. या इमारती रिकाम्या पडल्याचं ऐकिवात नाही. ताडदेवची तालमकीवाडी आजही त्यांचं नाव सांगते.

अर्थात, हे सगळे एका जातीचे, एका भाषेचे, ओळखीतले. ओळख आधीपासून होती, इमारत नंतर आली. तसं असलं की शेजार पटकन जुळतो. पण बाहेरच्याला दार बंदही पटकन होतं. ही गोष्ट डोक्यात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय.

मग चाळी भरल्या कशा?

बीडीडीच्या चाळी पुढे भरल्या, आणि अशा भरल्या की चार-चार पिढ्या कोणी हललं नाही. हे कसं झालं?

आधी रोकडी कारणं सांगते. भाडी खाली आणावी लागली. शहर उत्तरेकडे सरकत गेलं, वरळी आता एका टोकाला राहिली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि फाळणीनंतर मुंबईत जागा मिळेनाशी झाली. शिवाय खासगी चाळीत जात विचारून ज्यांना खोली नाकारली जायची, त्या दलित कामगारांना सरकारी चाळीत तरी शिरकाव होता. ही कारणं मी आधी सांगतेय, कारण शेजाराचं गुणगान करताना भाडं आणि टंचाई विसरली की इतिहास खोटा होतो. माणूस आला तो खोली परवडली म्हणून.

पण आल्यावर तो राहिला कसा, हे दुसरं. माझ्या आईचं बालपण डिलाईल रोडच्या बीडीडीत गेलं. आजोबा रत्नागिरीकडचे, गिरणीत विणाई खात्यात. आई सांगते ते थोडक्यात सांगते. आमच्या मजल्यावर गॅलरी नव्हती. गिरगावातल्या चाळींना बाहेरून सज्जा असतो, तिथे उभं राहून सगळ्यांशी बोलता येतं. बीडीडीत मधला बोळ, तोही अंधारा. पण त्या बोळाचंच लोकांनी अंगण केलं. रात्रपाळीचा माणूस दिवसा खोलीत झोपायचा म्हणून पोरं बोळात अभ्यास करायची. दिवाळीचा फराळ तिथेच, पापड वाळत घालायला गच्ची. पाणी यायची वेळ ठरलेली, त्यामुळे नळावरची पाळी सगळ्या मजल्याची मिळून ठरायची, आणि ती कोणी मोडली की भांडणही सगळ्या मजल्याचं मिळून व्हायचं.

त्या पाळीतूनच मंडळं जन्माला आली असं आईचं म्हणणं. ज्याला पाळी लावता येते त्याला वर्गणी गोळा करता येते. मग गणपती, भजनी मंडळ, व्यायामशाळा, कबड्डीचा संघ, बायकांची भिशी, आंबेडकर जयंतीची मिरवणूक. वरळीला चाळींच्या मधोमध जांबोरी मैदान आहे, तिथे कबड्डी आणि सभा. कामगार कल्याण केंद्रांत शिवणकाम, वाचनालय, आणि नाटकं. दिवसा साच्यावर उभा राहणारा माणूस रात्री तालमीला यायचा.

सरकारने चाळ बांधली, पण तिला शेजार लावला तो चाळकऱ्यांनी. आणि तो उपयोगी पडला तो १९८२ मध्ये. १८ जानेवारीला डॉक्टर दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि तो कधी मिटलाच नाही. रीतसर मागे न घेतलेला संप. आमच्या आजोबांची गिरणी पुन्हा उघडली, पण आजोबांना आत घेतलं नाही. आजीने डबे करायला घेतले. पहिले सहा डबे कोणी घेतले? त्याच मजल्यावरच्या, ज्यांच्या घरात बँकेत किंवा बेस्टमध्ये नोकरी होती त्यांनी. काही कुटुंबं गावी गेली. आमचं राहिलं. आजी म्हणायची, गावाला जमीन नव्हती, इथे निदान माणसं होती.

कुंपणाची दुसरी बाजू

आता मघाशी म्हटलं होतं त्या गोष्टीकडे येते. चाळीतला शेजार आठवला की आपल्या डोळ्यांत पाणी येतं. मराठी नाटकांनी, सिनेमांनी ते पाणी भरपूर काढलंय. पण बीडीडीच्या आठवणींत जानेवारी १९७४ सुद्धा आहे. वरळीला दलित पँथरची सभा झाली आणि तिच्यावर हल्ला होऊन दंगल पेटली. ती चाळींमधून पसरली, कित्येक दिवस चालली. पुढे निघालेल्या मोर्चात भागवत जाधव हा तरुण कार्यकर्ता मारला गेला, इमारतीवरून टाकलेल्या दगडी पाट्याने.

कोणती इमारत कोणाची, हे चाळीत प्रत्येकाला माहीत होतं. इमारतीत जिवाभावाचा शेजार होता. पण समोरची इमारत दुसऱ्या जातीची, दुसऱ्या झेंड्याची. पन्नास फुटांवर राहणारा माणूस शेजारी नव्हता.

म्हणून मला वाटतं, "लोकांना एकत्र आणा" एवढं म्हणून भागत नाही. एकत्र कोणाला, आणि कोणाला बाहेर ठेवून, हेही विचारावं लागतं. ज्या शेजाराची ओळख फक्त "आपण आणि ते" एवढीच असते तो घट्ट असतो, पण वाढत नाही. नळाची पाळी मात्र सगळ्यांची होती. कामातून झालेली ओळख जातीच्या पलीकडे जाऊ शकते, निदान तिला तशी संधी असते.

परत आमच्या बाविसाव्या मजल्याकडे

बीडीडीच्या चाळी आता पाडल्या जातायत. म्हाडा तिथे उंच टॉवर बांधतंय, जुन्या भाडेकरूंना ५०० चौरस फुटांचं मालकीचं घर. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. १६० फुटांत आयुष्य काढलेल्या माणसाला स्वतःचा संडास मिळाला, याचं मोल मोठं आहे. त्यावर कोणी हळहळू नये. पण बोळ गेला. आता लिफ्ट आहे. लिफ्टमध्ये माणसं चाळीस सेकंद भेटतात, आणि मोबाइलकडे बघतात. तिथे नवा शेजार कसा लागतो, हे पुढची वीस वर्षं सांगतील.

आणि आम्ही? आम्ही तर अकरा महिन्यांवाले. हे अकरा महिनेही मजेशीर आहेत. एक वर्षापेक्षा कमी मुदतीचा करार असला तर नोंदणी लागत नाही, म्हणून ही पद्धत रुळली. महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आल्यापासून करार कितीही महिन्यांचा असला तरी नोंदणी करावीच लागते. म्हणजे अकरा महिन्यांचं मूळ कारण कधीच गेलं, सवय राहिली. मालक आणि भाडेकरू दोघांना पटलं तर दोन-तीन वर्षांचा करार करायला कायद्याची आडकाठी नाही. शिवाय फ्लॅट भाड्याने दिला म्हणून सोसायटी मालकाकडून जादा शुल्क घेते, तेही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाही, हा २००१ चा सरकारी आदेश आहे. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

तर मी काय केलं? काकूंना फोन केला. त्यांना ऑक्टेव्हिया हिल सांगितली, वरळीच्या रिकाम्या खोल्या सांगितल्या. त्या हसल्या, म्हणाल्या, "अगं, मला इतिहास नको, माझा फ्लॅट रिकामा राहू नये एवढं बघ." मी म्हटलं, काकू, इतिहास तेच सांगतोय! मग आम्ही दोघींनी मिळून सोसायटीला एक पत्र लिहिलं, त्यांच्या सहीने. मागण्या तीनच. हॉल सगळ्या राहणाऱ्यांसाठी खुला ठेवावा. उत्सवाच्या आणि बागेच्या समितीत भाडेकरूंना घ्यावं, काम करायला आणि ठरवायलाही. आणि आवारातल्या किरकोळ दुरुस्तीसाठी वर्षाला एक छोटी रक्कम ठेवावी, उरली तर ती कशावर खर्चायची हे राहणाऱ्यांनी ठरवावं, मालक असोत की भाडेकरू. चौथी गोष्ट काकूंनी स्वतःहून केली. आमचा पुढचा करार तीन वर्षांचा.

पुढच्या सभेत पत्र वाचलं जाईल. मंजूर होईल की नाही, माहीत नाही. सेक्रेटरी काका म्हणाले, भाडेकरूंना समितीत घेतलं तर ते डोक्यावर बसतील. मी म्हटलं, काका, आधी खुर्चीवर तरी बसू द्या.

लेकीने नाचात नाव दिलंय. तालीम कुठे करायची हा प्रश्न आहे, कारण हॉलचं अजून ठरलेलं नाही. सध्या चौदाव्या मजल्यावरच्या एका आजींच्या दिवाणखान्यात चालते. आजींचा फ्लॅट मालकीचा आहे. तालमीला येणाऱ्या सात मुलींपैकी पाच भाडेकरूंच्या आहेत. हे मी मोजलं, आजींनी नाही. त्या फक्त पोह्यांच्या बशा मोजतात.

आजच्या भागात एवढंच. तुमच्या इमारतीत भाड्याने राहणारं जे घर असेल, त्यांचं नाव तुम्हाला माहीत आहे का, एवढं आज स्वतःला विचारा. नसेल, तर दार वाजवायला सबब शोधा. ऑक्टेव्हियाला पावतीची सबब होती, आईच्या चाळीला नळाची. तुम्हालाही एखादी सापडेल. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.